कातळातील वाटा

ज्वालामुखी पर्वताचे चित्र काढावयास सांगितले, तर आमच्या शाळेतील कोणताही विद्यार्थी एक शंकू काढतो, त्याच्या माथ्याला भगदाड पाडतो आणि त्यातून तांबड्या खडूने आगीचे लोळ उडवितो. क्रमिक पुस्तकात जपानच्या फुजी पर्वताचे चित्र असते, त्याचाच हा संस्कार. म्हणून आपला सह्याद्रीही अग्नीचेच अपत्य आहे असे वर्गात सांगितले की मुले अविश्वासाने पाहू लागतात. “मग त्याचे तोंड कुठे आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तही आहे.

आम्ही भाषा शिकविणारी माणसे. भूगर्भशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. तरी या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरते वाचन आम्हांस करावे लागले. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथील भूमीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून लाव्हारस उसळून दूरवर पसरला. एकाच मुखातून स्फोट होऊन शंकू उभा राहावा, असा तो प्रकार नव्हता. एक थर निवे, कधी त्यावर पाऊस पडून माती होई, आणि मग दुसरा थर त्यावर येऊन पसरे. असे थरावर थर साचत गेले. आजही हा काळा पाषाण सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे आणि पश्चिम घाटाच्या परिसरात त्याची जाडी काही ठिकाणी २००० मीटरांच्या घरात जाते. ज्या खोल उष्णतेतून हा रस आला, तिचाच संबंध हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरच्या, अजून जागत्या असलेल्या ज्वालामुखीशी जोडला जातो. महाकाय सरडे पृथ्वीवरून नाहीसे झाले तो काळही हाच. त्यात या लाव्हारसाचा वाटा किती आणि आकाशातून पडलेल्या अशनीचा किती, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. मुलांस अर्थातच हा वादच सर्वांत अधिक आवडतो.

या पाषाणाला शास्त्रज्ञ ‘दक्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचा कडा दुरून पाहिला की हे नाव ठेवणाऱ्याची दृष्टी पटते, कारण खरोखरच पायरीवर पायरी रचलेली दिसते. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व कठीण. त्याचा उभा कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ठिसूळ. तो झिजतो आणि तेथे आडवी पट्टी पडते. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची रेघ असते. मात्र हा जिना मनुष्याच्या मापाने बांधलेला नाही. त्याची एकेक पायरी कित्येक पुरुष उंच. ती कोठून चढता येते आणि कोठून नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी शोधून काढले, आणि त्या शोधालाच आपण ‘वाट’ असे साधे नाव दिले आहे.

गोमंतकातील मुलांस हा काळा पाषाण फारसा परिचयाचा नाही. आमच्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, आमच्या अंगणांतली माती तांबडी. गोव्याचे मूळ खडक दक्खनच्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन. त्यांतील काहींचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. लाव्हारसाची दक्षिण सीमा बेळगावच्या आसपास येऊन संपते व तिची जेमतेम किनार आमच्या ईशान्य कोपऱ्याला स्पर्श करते. सत्तरीतील मुले चोर्ला घाटाने वर जातात, परंतु मोटारीच्या खिडकीतून पाहिलेला डोंगर हा पाहिलेला डोंगर नव्हे, असे आमचे मत आहे. म्हणून २०२४ सालच्या डिसेंबरात नववी-दहावीचे सव्वीस विद्यार्थी व आम्ही तिघे शिक्षक हरिश्चंद्रगडास गेलो.

पालकांची संमती मिळविणे हा गड चढण्याहून कठीण भाग होता. त्याविषयी येथे लिहीत नाही. थिवीहून रेल्वेने पनवेल, तेथून कल्याणमार्गे बसने माळशेज घाट चढून खुबी फाटा, आणि मग धरणाच्या भिंतीवरून पायी खिरेश्वर, असा प्रवास झाला. मुक्काम खिरेश्वरी. रात्री जेवणे आटोपत असताना आमचे वाटाडे येऊन दाखल झाले. ते पलीकडच्या पाचनई गावचे. दिवेलागणीपूर्वी निघून टोलार खिंडीने डोंगर ओलांडून ते आले होते. सत्तरीकडे झुकलेले, अंगाने काटक, पायांत टायरच्या वहाणा. एवढी वाट चालून आलेल्या मनुष्याने प्रथम काय मागावे? त्यांनी मुलांचे बूट मागितले. कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली बसून प्रत्येकाचा तळवा उलटा करून पाहिला आणि दोघांचे बूट बाजूला काढले. “हे उद्या न्हाई चालायचे. गुळगुळीत हायेत.” त्या दोघांसाठी गावातून कापडी बूट मिळविण्यात आणखी तासभर गेला. मुले त्यांना ‘बाबा’ म्हणू लागली ती त्याच रात्रीपासून.

पहाटे निघालो. टोलार खिंडीपर्यंत दाट झाडी आहे. खिंडीत दगडावर वाघाचे जुने शिल्प आहे. तेथून वाट डावीकडे वळते आणि एकदम कातळ समोर उभा राहतो. लोखंडी कठडे आता बसविले आहेत, तरी खाली पाहिले की पोटात गोळा उठतो. एक मुलगी अर्ध्यावर थांबली. पुढे पाऊल टाकीना, मागेही येईना. तिच्या मागे अकरा जण अडकून राहिले. आमच्यापैकी कोणी धीराचे शब्द बोलावयास सुरुवात केली, पण बाबांनी हाताने खूण करून आम्हांस गप्प केले. ते तिच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, वर पाहू नको, खाली पाहू नको. समोरच्या दगडाला भोकं किती ते मोज.” ती मोजू लागली. बुडबुड्यांची भोके असलेला तो थर होता. काही भोकांत पांढरे स्फटिक चमकत होते. बाविसापर्यंत मोजल्यावर तिने आपण होऊन पाऊल उचलले. वर पोहोचल्यावर तिने आम्हांस विचारले ते एवढेच की त्या भोकांत काय भरले आहे. कोट्यवधी वर्षे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट व गारगोटीचे खडे जमतात, आणि पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील असे स्फटिक जगातील संग्रहालयांत मांडलेले आहेत, हे आम्ही तिला सांगितले. भोके मोजण्याचा उपाय मात्र आमच्या कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात नव्हता.

कातळ संपला की माथा आला असे वाटते, पण ती फसवणूक असते. मग टेकडीमागून टेकडी चढावी-उतरावी लागते. पोरांनी सात मोजल्या, काहींनी नऊ. येथेच दहावीतील एका मुलाने एक प्रश्न केला, तो आम्ही वहीत टिपून ठेवला आहे. तो म्हणाला, “बाई, हा डोंगर उगवला की उरला?” फुजीसारखा पर्वत उगवतो; आतून रस येऊन तो उंच होत जातो. हरिश्चंद्रगड मात्र उरलेला आहे. एके काळी ही सारी उंची सलग पठार होती; पावसाने व नद्यांनी भोवतालचे कोरून नेले, आणि जे जाऊ शकले नाही ते शिखर म्हणून मागे राहिले. उत्तरेला दिसणारे कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीचे शिखर, तेही असेच उरलेले. एवढ्या नेमक्या क्रियापदात आम्हांस हे कधी सांगता आले नसते.

दुपारी मंदिरापाशी पोहोचलो. हरिश्चंद्रेश्वराचे ते कोरीव दगडी मंदिर, शेजारची सप्ततीर्थ पुष्करिणी, चांगदेवांनी येथे तप करून ‘तत्त्वसार’ रचले ही परंपरा, यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात भव्य शिवलिंग आहे. त्याच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे, शेवटचा खांब पडेल तेव्हा कलियुग संपेल, अशी कथा सांगतात. मुलांनी त्या खांबाकडे फार काळजीपूर्वक पाहिले आणि कोणीही त्याला टेकले नाही.

त्यानंतर कोकणकडा. येथे आमच्या लेखणीची गती साहजिकच मंदावते. हा कडा नुसता उभा नाही, तो आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. काठावर पालथे पडून डोके पुढे काढले की खाली शेकडो मीटर मोकळी हवा, आणि तिच्या तळाशी कोकण. बाबांनी पाच-पाच मुलांस पाळीने आणले. प्रत्येकाचे पाय मागच्याने धरले. वाळल्या गवताची मूठ सोडली तर वारा ती उचलून परत आपल्याच तोंडावर आणून टाकतो. (दगड टाकू नये. खाली माणसे व गुरे असतात.) समोरच्या वळणावर लाव्हारसाचे थर इतके स्वच्छ दिसत होते की मुले वहीच्या रेघांसारखे ते मोजू लागली. पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी सूर्य पाठीशी व धुके खाली दरीत असेल, तर येथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःचीच छाया पडते. कर्नल साइक्स याने हा देखावा पाहून १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन केले आहे. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, दुपार होती, आकाश निरभ्र होते; आम्हांस काही दिसले नाही.

दिसले ते दुसरेच. सर्व मुलांची पाळी झाल्यावर बाबा स्वतः काठाशी जाऊन बसले व खाली बोट दाखवून म्हणाले, “तो पांढरा पत्रा चमकतो न्हवं का, त्याच्या अंगाला माझ्या बहिणीचं घर.”

थोरली बहीण. पाचनईची मुलगी खाली कोकणात दिली होती. पूर्वी दिवाळीला, आखाजीला, बाळंतपणाला जाणे-येणे साधले घाटाच्या वाटेने व्हायचे. पाचनईच्या बाजूने निघून ही वाट कड्यांच्या खाचेतून कोकणात उतरते. वरून हिरडा, खालून भात, मीठ आणि सुकी मासळी, अशी देवघेव होती. सकाळी निघालेला मनुष्य ओझे घेऊनही दुपारी खाली पोहोचत असे. पुढे गाडीरस्ते झाले. आता तेथे जावयाचे तर गाडीने डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. एक दिवस जातो आणि पैसे जातात ते निराळेच. “ती थकली. तिला चढवत न्हाई. आणि मी येकला उतरलो तर पोरं रागावत्यात.” तीन वर्षे भेट नव्हती. घराचा पत्रा मात्र रोज दिसतो.

मुले एकदम गप्प झाली. त्यांतल्या पुष्कळांच्या आज्या घाटावरून खाली दिलेल्या आहेत. आमच्याकडेही घाटमाथ्यावरचे माहेर ही काही नवलाची गोष्ट नाही. मग एक मुलगा म्हणाला, “बाबा, उद्या त्या वाटेने आपणच खाली जाऊया.” लगेच सर्वांनी तोच हट्ट धरला. काठावर आलेल्या काही हौशी मंडळींनी त्यात भर घातली. कोकणकड्याच्या बाजूची नळीची वाटसुद्धा चार तासांत उतरता येते, असे छातीठोकपणे सांगितले. नळीची वाट म्हणजे कड्याची उभी चीर; ती दरडींच्या धोंड्यांनी भरलेली आहे व मध्ये कातळाचे असे टप्पे आहेत की दोराशिवाय जाऊ नये. बाबांनी त्या मंडळींकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलांस म्हणाले, “वाट हाये. पर तुमच्या पायाची न्हाई अजून.”

आम्हांस त्यांचे फार बरे वाटले. सव्वीस घरांची मुले आमच्या हवाली होती.

पाचनईकडे उतरताना लाव्हारसाच्या जिन्याचा खरा उलगडा झाला. ही वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पायथ्याने आडवी जाते. भिंत डोक्यावर पुढे झुकलेली, खाली दरी, आणि मध्ये चालण्यापुरती पट्टी. वरचा घट्ट थर आणि खालचा ठिसूळ थर यांच्या सांध्यात ती पडली आहे. अशा सांध्यांतूनच पाणी झिरपते, म्हणून वाटेवर पाणीही तेथेच मिळते. बाबांस ‘थर’ वगैरे शब्द ठाऊक नव्हते, पण ते म्हणाले, “मऊ दगडाच्या अंगानं जायचं, पाणी घावतं.” भूगर्भशास्त्राचे एक संपूर्ण प्रकरण त्या एका वाक्यात होते, आणि ते बैलाला व ओझेवाल्याला उपयोगी पडेल अशा भाषेत होते.

रात्री बाबांच्या अंगणात पिठले-भाकरी झाली. त्यांचा नातू राजूरकडे गाडी चालवितो; चुणचुणीत मुलगा, पण घाटवाट त्याने अर्धीदेखील पाहिलेली नाही. यात त्याला दोष देण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. जेथे गाडी जाते तेथे पायांनी का जावे? नाणेघाटाचे तसे नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या वाटेवर सातवाहनांच्या राणी नागनिकेने लेणे व शिलालेख कोरविला, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण तेथे आहे, आणि दोन हजार वर्षांनंतरही लोक ती वाट मुद्दाम पाहावयास जातात. साधले घाटाला राणी नव्हती. त्याला फक्त मीठ वाहणारी माणसे आणि माहेरवाशिणी होत्या.

दुसऱ्या दिवशी बस दुपारची होती. हाताशी सकाळ होती. बाबांनी सांगितले, घाटाच्या तोंडापर्यंत सपाटी आहे, तेवढे पाहून येऊ, उतरावयाचे नाही. आम्ही निघालो. पहिले अर्धे अंतर गुरांची वाट होती, पुढे ती कारवीत शिरून नाहीशी झाली. ही तीच कारवी, जी सात वर्षांनी एकदा फुलते. आमच्या सत्तरीच्या मुलांस कोयता चालविता येतो. दोघांनी लगेच तो मागितला. परंतु हे १९८६ सालापासूनचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य; येथे फांदी तोडावयाची नसते. बाबा म्हणाले, “तोडायला कशाला पाहिजे? चाला. पाय पडले की वाट आपली आपण राहाती.”

मग सारी रांग त्यांच्या मागून कारवीत शिरली. बाबा अधूनमधून थांबत. एखादा दगड ओळखत, एखाद्या हिरड्याच्या झाडाशी वळण घेत. दोनदा चुकीच्या बाजूला गेले व हसत परत आले. जेथे वाट नक्की सापडली, तेथे मुलांनी दगडावर दगड ठेवून लगोरी रचली. सव्वा तासाने घाटाचे तोंड आले. कड्याच्या खाचेतून खालचे कोकण दिसत होते आणि वाटेच्या पहिल्या दोन कातळखोबण्या, पावलापुरत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. मुलांनी एकेकाने वाकून त्यांना हात लावला. बाबा पहिल्या खोबणीत पाय ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग वर आले. परतताना त्याच लगोऱ्यांच्या मागाने आलो. या वेळी कारवीत फट दिसत होती.

त्या वाटेवर आमच्या शाळेची सव्वीस मुले आणि तीन शिक्षक दोन वेळा चालले, एवढेच घडले. पुढच्या पावसाळ्यात ती फट पुन्हा मिटणार हे आम्हांस ठाऊक होते.

२०२५ च्या महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीस, संध्याकाळी बाबांच्या नातवाचा फोन आला. गडावर त्या दिवशी मोठी गर्दी असते. त्याच्या आत्याआजीचा मुलगा दोन सोबत्यांसह साधले घाटाने चढून पाचनईस आला होता. मधल्या टप्प्यात एका वळणाला ते तिघे चुकले आणि दोन तास कारवीत फिरत राहिले; पण वर पोहोचल्यावर त्यांना लगोऱ्या लागल्या. जाताना मात्र तो गाडीने गेला, आणि बाबांना बरोबर घेऊन गेला. नातू विचारीत होता की पुढच्या डिसेंबरात मुले पुन्हा येणार का. कारण मधला टप्पा दाखवावयास आता त्यालाही बाबांबरोबर जावयाचे आहे.